जूनमधले दप्तर



थळच्या किनाऱ्यावर जून महिना दोन गोष्टी एकदम घेऊन येतो. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते आणि महिन्याच्या मध्याला शाळा उघडते. खलाशाच्या घरची आवक थांबते, नेमकी तेव्हाच वह्या, दप्तर, छत्री, बूट यांची यादी हातात पडते. मग उधारी होते, नाहीतर सुकी मासळी मिळेल त्या भावाने जाते. वही नाही म्हणून बाई रागावतील या भीतीने मूल पहिले काही दिवस घरीच राहते. अभ्यासात मागे पडण्याची सुरुवात इथूनच होते.

कायदा काय देतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत झाले. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. मात्र नववीला पुस्तकांसह सारा भार घरावर येतो आणि हाताशी आलेला मुलगा कामाला जुंपला जाण्याचे वयही तेच असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरील जीएसटी शून्य झाला. दप्तराला ती माफी नाही.

आपण काय करावे?

प्रथम आपली चूक कबूल करू. आम्ही अनेक वर्षे वह्यावाटप १५ ऑगस्टला केले, तेही नावे पुकारून. तोवर उधारी होऊन गेलेली असे आणि मुले मान खाली घालून पुढे येत. दान गुप्त असावे, ही तर प्रभूचीच शिकवण. म्हणून यापुढे:

१. वाटप मे अखेरीस, घरी जाऊन, गाजावाजा न करता करू.

२. नववी-दहावीची जुनी पुस्तके निकाल लागताच गोळा करू.

३. नारळी पौर्णिमेनंतर मासळी येऊ लागली की दर आठवड्याला २० रुपये बाजूला टाकू. ४० आठवड्यांत ८०० रुपये होतात.

४. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गेल्या वर्षीचा गणवेश, साधे बूट चालावेत, हे तिथे बोलू.

विचारासाठी प्रश्न: आपल्या आळीत यंदा नववीला जाणारी मुले किती? त्यांतील कोणाकडे पुस्तके नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे का?