आपले ताट, आपला विवेक

बाजारातील प्रत्येक पुड्याविषयी संशय धरला, तर जेवणाचे समाधानच हरवते. लातूर-नांदेडच्या मातीत ज्वारी आणि तूर पिकते; भाकरी, वरण व पालेभाजी एवढ्याने ताटाचा पाया भक्कम होतो. तरीही भाकरी ही गरिबीची खूण मानून आपण मुलांच्या हाती बिस्किटांचा पुडा देतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले; त्या धान्यांत आपली ज्वारीही होती. पुडा घ्यावाच लागला, तर मागील मजकूर वाचावा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; मैदा, साखर आरंभीच दिसली, तर तो खाऊ क्वचितच द्यावा. एवढा विवेक पुरेसा आहे. वसतिगृहातून सुटीला आलेल्या लेकरापुढे आपण भाकरी संकोचाने नव्हे, अभिमानाने वाढू या.