ट्रॅक्टरच्या मागचें पातें : निवड व उपयोग

ज्या शेतकऱ्याकडे लहान ट्रॅक्टर आहे, त्यास नांगर व पेरणीयंत्र यांच्या खालोखाल ज्या अवजाराचा मोह पडतो, तें म्हणजे ट्रॅक्टरच्या मागें जोडावयाचें माती सारण्याचें पातें होय. पूर्वीं बैलांच्या केणीनें होणारीं कांहीं कामें या पात्यानें होतात, कांहीं होत नाहींत. हा भेद ध्यानांत न घेतां पातें विकत घेतलें तर पैसा जातो, ट्रॅक्टरची जोडणी वाकते आणि कित्येकदां शेताचा वरचा सकस थरहि नाहींसा होतो. म्हणून पातें कोणतें घ्यावें व कसें चालवावें, याचा येथें विचार करूं.

पात्याचें खरें काम

केणी माती आपल्या पोटांत भरून घेते व दुसरीकडे नेऊन टाकते. मागच्या पात्यास बाजू नसतात. तें माती वाहून नेत नाहीं, तर एका अंगास सारतें. यावरून त्याचें मुख्य क्षेत्र शेत नसून शिवारांतला रस्ता होय, हें उघड आहे. पावसाळ्यांत दूध व भाजीपाला रोज गांवाबाहेर काढावा लागतो. पाणंद बिघडली कीं तो माल जागींच नासतो. रस्ता बिघडतो तो मुख्यतः पाण्यामुळें. चाकोऱ्या पडल्या म्हणजे पाणी कडेला न जातां चाकोरींतूनच वाहतें, आणि रस्त्याचा ओढा होतो. रस्त्यावरचें पाणी कडेस लावणें हेंच पात्याचें काम आहे, व त्याची निवडहि याच दृष्टीनें केली पाहिजे.

लांबी

पात्याची लांबी ठरवितांना केवळ अश्वशक्तीवर जाऊं नये. ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांच्या बाहेरच्या कडांमधलें अंतर फितीनें मोजावें. पातें सरळ असतां चाकांचा माग झांकतें, एवढ्यावर समाधान मानूं नये. कारण रस्त्यावर तें बहुधा तिरपें चालवावें लागतें, आणि तिरपें होतांच त्याचा आवांका कमी होतो. ५ फुटी पातें ३० अंश वळविलें म्हणजे सुमारें ४ फूट ४ इंच रुंदीचीच माती घेतें. ४५ अंश वळविलें म्हणजे सुमारें ३ फूट ६ इंच. ६ फुटी पातें याच दोन कोनांत अनुक्रमें सुमारें ५ फूट २ इंच व ४ फूट ३ इंच घेतें. म्हणजे ज्या ट्रॅक्टरची बाहेरील रुंदी ४ फूट आहे, त्यास ५ फुटी पातें ३० अंशांपर्यंत पुरतें. त्याहून आंखूड घेतल्यास चाकाचा माग तसाच राहून नवी चाकोरी पडते. उलट गरजेपेक्षां फार लांब पात्याच्या टोकास दगड लागला, तर सर्व जोडणीस पीळ बसतो.

वजन व जोडणी

हलकें पातें स्वस्त मिळतें, परंतु कठीण मुरमावर तें टेकत नाहीं. उड्या मारीत जातें. ट्रॅक्टरचें हायड्रॉलिक अवजार उचलतें. सामान्यतः लहान ट्रॅक्टरांत तें त्यास खालीं दाबीत नाहीं. पातें जमिनींत शिरतें तें आपल्या वजनानें व धारेच्या कलानें. यास्तव पत्रा जाड व चौकट भक्कम पाहून घ्यावी. मात्र वजनासहि मर्यादा आहे. ट्रॅक्टरची उचलण्याची शक्ति सामान्यतः जोडणीच्या टोकाशीं मोजलेली असते, आणि पातें त्याहून मागें लोंबतें. म्हणून सांगितलेलें सर्व वजन तेथें उचलेल असें समजूं नये. पातें उचलल्यावर एकंदर वजनाचा निदान पांचवा हिस्सा पुढील चाकांवर राहिला पाहिजे, नाहीं तर सुकाणू लागत नाहीं. जरूर तर पुढें वजनें बांधावीं.

हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची जोडणी असलेला फोर्ड कंपनीचा ९एन ट्रॅक्टर १९३९ सालीं बाजारांत आला. आजच्या ट्रॅक्टरांची जोडणी त्याच तत्त्वावर आहे. तिच्या पहिल्या श्रेणींत खालच्या पिनांचा व्यास २२ मिलिमीटर व वरच्या पिनेचा १९ मिलिमीटर असतो. पातें घेतांना पिना प्रत्यक्ष घालून पाहाव्या. धारेची पट्टी बोल्टांनीं बसविलेली व उलटून लावतां येणारी असावी. एक कड झिजली कीं दुसरी वापरतां येते, आणि मूळ पत्रा झिजण्यापूर्वीं पट्टी बदलतां येते.

पात्याच्या तीन हालचाली

पहिली, पातें तिरपें वळविणें. यायोगें माती मागच्या टोकाकडे सरकत जाते. दुसरी, एक टोक दुसऱ्यापेक्षां खालीं ठेवणें. तें खालच्या दोन दांड्यांपैकीं एक दांडी उतरवून साधतें. तिसरी, धारेचा कल. टॉप लिंक लांब केली म्हणजे पात्याची वरची कड मागें झुकते व धार माती अधिक कापते; आंखूड केली म्हणजे वरची कड पुढें येते व पातें माती नुसती पसरतें. या तिन्ही हालचाली ज्या पात्यांत सुलभ आहेत, तें थोडें आंखूड असलें तरी अधिक उपयोगी पडतें.

रस्ता राखण्याची रीत

(१) पहिल्या पावसानंतर वाफसा आला म्हणजे काम करावें. कोरड्या रस्त्याची धूळ होते. ओल्या काळ्या मातींत पातें माखतें व चाकें रुततात.

(२) खड्ड्यांत नुसती सैल माती लोटूं नये. ती पहिल्याच सरींत निघून जाते. खड्ड्याच्या तळापर्यंत रस्ता थोडाथोडा कापून मग माती पसरावी.

(३) पात्याचें पुढचें टोक रस्त्याच्या कडेकडे व किंचित् खालीं, आणि मागचें टोक मध्याकडे ठेवावें. जातांना एक बाजू व येतांना दुसरी बाजू करावी, म्हणजे माती मध्यावर जमते. दर फुटास अर्धा इंच उतार पुरेसा आहे. १० फूट रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षां अडीच इंच उंच असावा.

(४) कडेला मातीचा वरंबा राहूं देऊं नये. तो राहिला कीं पाणी रस्त्यावरच अडतें व सर्व श्रम व्यर्थ होतात. ठिकठिकाणीं पाण्यास चरांत वाट करून द्यावी.

(५) वेग माणसाच्या चालीइतकाच असावा. वेगानें पातें उसळतें व रस्त्यावर आडव्या लाटा उमटतात.

शेत सपाट करतांना

पातें मागील चाकांच्याहि मागें असल्यानें पुढील चाकें उंचवट्यावर चढलीं कीं तें खोल रुततें, आणि मागील चाकें चढलीं कीं वर उचललें जातें. म्हणून एका फेरींत शेत सपाट होत नाहीं; थोडी थोडी माती घेऊन, दिशा बदलून, अनेक फेऱ्या कराव्या लागतात. मोठा उंचवटा दूर न्यावयाचा असेल तर केणी अथवा पेटीचें अवजारच योग्य. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, जेथें काळ्या मातीचा थर वीतभर असून खालीं मुरूम आहे, तेथें उंचवटा कापण्यापूर्वीं चार ठिकाणीं खणून पाहावें. उघडा पडलेला मुरूम पुन्हां पिकाखालीं आणण्यास कित्येक वर्षें खत घालावें लागतें. कापणें अपरिहार्यच असेल, तर वरची माती आधीं बाजूस काढून ठेवावी व शेवटीं पुन्हां पसरावी.

दक्षता

पात्यास वजन यावें म्हणून त्यावर मनुष्य उभा करण्याची चाल कांहीं ठिकाणीं दिसते. ती अत्यंत घातक आहे. पातें दगडास अडलें कीं तो मनुष्य फेंकला जातो, व चाकाखालीं किंवा पात्याखालीं सांपडतो. वजन हवें असेल तर लोखंड बोल्टांनीं घट्ट आवळून लावावें. रस्त्याखालून गेलेल्या पाइपलाइनींच्या जागा आधीं खुणांनीं दाखवाव्या. पातें उलट फिरवून ट्रॅक्टर मागें घेत सैल माती ढकलतां येते. परंतु बसलेल्या जमिनींत तसें करूं नये, खालच्या दांड्या वाकतात. काम थांबतांच पातें जमिनीवर टेकवावें. उचललेल्या पात्याखालीं कोणीं शिरूं नये.

सारांश, चाकांचा माग झांकील इतकी लांबी, जमिनीवर टेकेल इतकें वजन आणि तिन्ही हालचालींची सोय, हीं तीन लक्षणें पाहून पातें घ्यावें. मृगापूर्वीं त्याचे बोल्ट आवळून व सांधे वंगण घालून तयार ठेवावें. पाऊस जोरानें पडत असतां एकदां पाणंदीवर जाऊन पाणी कोठून वाहतें तें पाहावें. तें कडेनें जात असेल, तर काम बरोबर झालें असें समजावें.