सुट्टीआधीचा विज्ञानाचा तास
इचलकरंजीच्या वर्गखोलीतून एक अभ्यास

दिवाळीची सुट्टी जवळ आली की उच्च प्राथमिक शाळेतील विज्ञान शिक्षकाची खरी कसोटी लागते. जूनच्या मध्यास सुरू झालेले पहिले सत्र संपत आलेले असते. संकलित मूल्यमापन, उत्तरपत्रिकांची तपासणी, नोंदवह्या आणि राहिलेला पाठ्यभाग या सर्वांचा मेळ एकाच पंधरवड्यात घालावयाचा असतो. मुलांचे चित्त किल्ले, फटाके आणि आजोळ यांकडे लागलेले असते. अशा वेळी प्रयोग मागे पडतो व फळ्यावरील उत्तरे उतरवून घेण्यात तास संपतो. सत्राचा हा शेवट असा वाया जाऊ नये, यासाठी काय करता येईल याचा विचार इचलकरंजीसारख्या गावाच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल.

यंत्रमागाच्या गावातील प्रयोगशाळा

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पंचगंगेकाठचे हे गाव पुढे ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. 2022 साली येथे महानगरपालिका स्थापन झाली. येथील वर्गात बसणाऱ्या अनेक मुलांचे वडील मागावर, सायझिंगमध्ये किंवा प्रोसेसमध्ये काम करतात; कित्येकींच्या आया कांड्या भरतात किंवा वहिफणी करतात. शाळेत प्रयोगसाहित्याचे कपाट अपुरे असेल; पण धोटा, पट्टा, कप्पी, सूत व खळ यांची प्रयोगशाळा गल्लोगल्ली उभी आहे.

उदाहरणादाखल एकच प्रयोग पाहू. मागावरून उतरलेल्या कोऱ्या सुती कापडाचा तुकडा आणि अनेकदा धुतलेल्या जुन्या सुती कापडाचा तुकडा शेजारी शेजारी ठेवावेत. शिक्षकाने स्वतः दोहोंवर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकावेत. स्टार्चची खळ दिलेले कोरे कापड निळे-काळे होते. जुन्या कापडावर केवळ तपकिरी डाग उमटतो. बटाट्यावर आणि भातावर हीच परीक्षा पाठ्यपुस्तकाने शिकविलेली असते. मग कापडात स्टार्च आला कोठून, हा प्रश्न मुलांकडूनच येतो.

याचे उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी घरी विचारून येण्यास सांगावे. सायझिंगमध्ये काम करणारे वडील सांगतील की ताण्याचे सूत मागावर सतत ओढले जाते, वहीतून आणि फणीतून घासले जाते. खळ दिली नाही तर ते तुटते. घर्षण, ताण आणि बल या पाठांतील संज्ञांचा अर्थ मुलाला येथे आपल्या घरातच सापडतो. ज्या वडिलांना शाळेची पायरी फारशी चढता आली नाही, त्यांचे ज्ञान वर्गात आदराने मांडले जाते. या गोष्टीचे मोल गुणपत्रिकेत मोजता येणार नाही.

थेंबापासून नदीपर्यंत

हाच धागा पुढे नेता येतो. कापड रंगविण्यापूर्वी ही खळ काढून टाकावी लागते आणि ती सांडपाण्यात उतरते. असे पाणी प्रक्रिया न करता नदीत गेले तर सूक्ष्मजीव त्यातील सेंद्रिय पदार्थांवर वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. प्राणवायू फार घटला की मासे तग धरू शकत नाहीत. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत पंचगंगेकाठी वाढलेल्या मुलाला प्रदूषणाचा पाठ पाठ करावा लागू नये, तो समजावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात बळी गेले. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू मैलायुक्त सांडपाण्यातून पिण्याच्या पाण्यात शिरतात. कारखान्याचा रंग डोळ्यांना दिसतो; विषाणू दिसत नाही. म्हणून गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळताना दाखवावे आणि मग मुलांना विचारावे, ‘हे पाणी पिता येईल काय?’ बहुतेक हात वर होतील. स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही, त्यासाठी ते उकळावे किंवा योग्य प्रमाणात क्लोरीनने निर्जंतुक करावे लागते, हे त्या क्षणी सांगितलेले मूल विसरत नाही. ते घरी जाऊन आईलाही सांगते.

सुट्टीतील निरीक्षण

सुट्टी लागताच वर्ग पांगतो. कोणी शिरोळ-हातकणंगल्याच्या खेड्यात, कोणी बेळगाव जिल्ह्यात, तर कोणी दूर उत्तरेकडील मूळ गावी जातो. या सर्वांना एकत्र बांधणारा गृहपाठ आकाशात आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते. भाऊबीजेच्या सुमारास सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे चंद्राची बारीक कोर दिसते. तेथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत मुलांनी रोज ठरावीक वेळी चंद्राचा आकार व दिशा वहीत काढावी. कोर रोज वाढते आणि त्याच वेळी पाहिल्यास चंद्र दिवसेंदिवस पूर्वेकडे सरकलेला आढळतो. सुट्टीनंतर निरनिराळ्या गावांतील वह्या शेजारी ठेवल्या की चंद्र सर्वत्र एकाच क्रमाने वाढला, हे मुलांना स्वतःच्या नोंदींवरून कळते. या उपक्रमाला पैसा लागत नाही आणि शिकवणी न लावणारे मूलही त्यात मागे राहत नाही.

यंत्रणेची जबाबदारी

अशा कामाला नियमांची आडकाठी नाही. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, प्रयोग, उपक्रम आणि प्रकल्प यांना स्थान आहे. चंद्राची वही किंवा कापडाचा प्रयोग ही त्यातच धरता येणारी कामे होत. प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा मार्ग नवाही नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम 1972 साली 16 शाळांत सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. साधे साहित्य आणि मुलांचे प्रश्न हाच त्याचा पाया होता.

मात्र शिक्षकाला वेळ आणि पाठबळ मिळाले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 कामाचे दिवस आणि 1,000 अध्यापनाचे तास ठरविले आहेत. त्यांतील सुट्टीआधीचे तास तक्ते व माहिती भरण्यात जाणार नाहीत, हे केंद्रप्रमुख व शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी पाहावे. परिसरातील ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी जलसुरक्षकाला एक दिवस शाळेत पाठवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनची ओ.टी. चाचणी मुलांसमोर व्हावी आणि पाणी पिवळे झाले की नाही हे त्यांनीच सांगावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांतील विणकर, जॉबर व सायझिंग कामगार यांना विज्ञानाच्या तासाला बोलावण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे 1976 च्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. ते कर्तव्य प्रथम वर्गखोलीत रुजते. सुट्टीला निघालेल्या मुलाच्या दप्तरात गुणपत्रिकेबरोबर स्वतः शोधावयाचा एक प्रश्नही असेल, तर पहिले सत्र सार्थकी लागले असे म्हणता येईल.