शिवराईला चिंच लावू नकोस

चि. बाळूस,


काल रात्री वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि ती सहज म्हणून गेली, ‘तो अण्णांची नाणी काढून बसलाय. फोटो काळे येतात म्हणून चिंच भिजत घातलीय.’ तेव्हापासून जिवाला चैन नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. खरं सांग, त्या शिवराया घासल्यास का? नसशील घासल्या, तर ती वाटी आधी स्वयंपाकघरात परत ठेव आणि मग पुढचं वाच.

अरे, शिवराई काळीच असते. तांब्यावर इतक्या वर्षांत जो काळपट थर बसतो, तो आतल्या धातूला सांभाळतो. आंबट लागलं की थर जातो, खालचं लालभडक तांबं उघडं पडतं, आणि वर घासलंस तर अक्षरांच्या कडाही झिजतात. सगळं तर त्या अक्षरांतच आहे! एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांनंतरही ही नाणी थेट पेशवाईपर्यंत पडत राहिली. आपली कुठल्या काळातली, हे जाणकार अक्षरांच्या वळणावरून आणि वजनावरून सांगतात. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून बरीचशी अक्षरं मुळातच चकतीबाहेर राहिलेली. उरलेली तू चिंचेनं घालवणार?

फोटो बिघडतो तो हात हलतो म्हणून आणि उजेड चुकतो म्हणून. त्यात नाण्याचा काय दोष?

आणि वहिनी म्हणाली, कॅमेऱ्यासाठी महागडा स्टँड हप्त्यावर घेतोयस. घेऊ नकोस. ट्रायपॉडची मधली दांडी उलटी लावून कॅमेरा खाली टांगता येतो हे खरं, पण पाय उजेडाच्या आड येतात आणि नाणं बदलताना हमखास धक्का लागतो. आडवी दांडी लावलीस तर सगळा भार एका अंगाला जातो; दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी टांगल्याशिवाय हात काढू नकोस, नाहीतर कॅमेरा थेट शिवराईवर.

तुझ्या आतोबांच्या स्टुडिओतला, फोटो मोठे करायचा एनलार्जर अजून आमच्या माळ्यावर आहे. डिजिटल आल्यावर कितीतरी स्टुडिओंनी आपापले एनलार्जर भंगारात घातले, मला मात्र तो देववला नाही. त्याचं वरचं हेड काढलं की उरतो जड पाट, भक्कम खांब आणि वरखाली सरकणारा हात. तुला हवंय ते नेमकं हेच. त्या हाताला भोक पाडून पाव इंची बोल्टनं कॅमेरा बसतो. बोल्ट लांब घेऊ नकोस, जास्त आत गेला तर कॅमेऱ्याचं बूड फुटेल. मोबाइलनंच काढायचे असतील तर एवढंही नको. सारख्या उंचीचे दोन डबे, त्यांवर आडवा मोबाइल. फार जवळ नेऊ नकोस, सावली पडते आणि फोकस लागत नाही. थोडा उंच ठेवून झूम कर.

नाण्याच्या जागी आधी छोटा आरसा सपाट ठेव. कॅमेऱ्यात स्वतःच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसेपर्यंत कॅमेरा हलव. दिसलं, की कॅमेरा सरळ खाली बघतोय. मग आरसा काढ, खाली मऊ कापड घाल, नाणं कडेनं उचलून त्यावर ठेव आणि दोन सेकंदांचा टायमर लाव. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो. सारख्या पांढऱ्या उजेडाचे दोन टेबललॅम्प, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, उंच धर. अक्षरं झिजलेली असतील तर एक बंद कर आणि दुसरा तिरपा, खाली आण. बुजलेला ‘राजा’सुद्धा वर येतो, बघ. घासायची गरजच पडत नाही, बाळू.

मी इतकी का बोलते, ते तुला ठाऊक नाही. आजीच्या डब्यात चांदीचे रुपये होते, राणीछाप, एकेक तोळाभर वजनाचे. माझ्या लग्नात अण्णांनी ते सोनाराकडे नेले. त्यांचाही इलाज नव्हता. पण नंतर मी ज्या घरात आले तिथे खाली स्टुडिओ, भिंतीवर कॅमेरे, आणि त्या रुपयांतल्या एकाचाही फोटो आमच्याकडे नाही. आजी ते रुपये मोजताना अंगठ्यानं राणीचा मुकुट चाचपायची. हे मी कोणाला दाखवू? शिवराया तेवढ्या वाचल्या, कारण तांब्याला सोनार काय देणार!

म्हणून तू त्यांचे फोटो काढायला बसलास, हे ऐकून आधी मला रडूच आलं. चिंचेचं नंतर कळलं. आपल्या घरात अण्णांनंतर तो डबा तूच उघडलास. वहिनीला फोनवर मी फार बोलले, तिला सांग मनाला लावून घेऊ नकोस.

सुट्टी काढून ये. एनलार्जर मी पुसून ठेवते, खांबाला तेल देते. खाली उतरवायला मात्र तू हवास, मला आता ते वजन झेपत नाही. नाणी कापसात गुंडाळून सुटी सुटी आण, एकावर एक नको. त्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत तर नकोच, त्यानं पुढे हिरवं चिकट धरतं. आणि एखादी घासली गेली असेल, तर तीही आण. लपवू नकोस. मी काही बोलणार नाही, तिचाही फोटो काढू.

रात्री जागून डोळे ताणू नकोस. खोकला गेला का ते कळव.

तुझी,
आत्या