मेद, दाह आणि प्रतिकारशक्ती

नव्याने मधुमेह आढळलेल्या रुग्णांचे नातेवाईक आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास विचारतात : ‘डॉक्टर, यांना मधुमेह कसा? हे तर अंगाने बारीक आहेत!’ देणगीदारांपैकीही अनेकांनी हीच शंका व्यक्त केल्यामुळे त्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

मेद म्हणजे शरीरातील निष्क्रिय साठा, अशी वैद्यकशास्त्राचीही बराच काळ समजूत होती. १९९३ साली बोस्टन येथे डॉ. गोखान होतामिसलिगिल व सहकाऱ्यांना लठ्ठ उंदरांच्या मेदात ‘टीएनएफ-आल्फा’ हा पदार्थ वाढलेला आढळला. जंतूंशी लढताना रोगप्रतिकारक पेशी जो पदार्थ स्रवतात, तोच हा. जंतू नसताना तो तेथे का, याचा उलगडा पुढील दहा वर्षांत होत गेला. मेदपेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्यांतील काही मरतात; त्यांना गिळण्यासाठी भक्षक पेशी गोळा होतात आणि दाहकारक द्रव्ये सोडत राहतात. जखमेची सूज दिसते, ठणकते व यथावकाश ओसरते. हा दाह दिसत नाही, दुखत नाही आणि सहसा आपोआप ओसरतही नाही. त्यातील द्रव्ये स्नायूंमध्ये व यकृतात इन्सुलिनचा संदेश क्षीण करतात आणि रक्तातील साखर वाढते. पोटातील आतड्यांभोवतीच्या मेदाचे रक्त थेट यकृताकडे जाते, म्हणून तो अधिक उपद्रवी मानला जातो. पुढे वाढलेल्या साखरेमुळे श्वेतपेशींचे कार्यही मंदावते. पायाची लहानशी जखम महिनोन्महिने चिघळते, त्यामागे रक्तपुरवठा व संवेदना कमी होण्याबरोबर हेही एक कारण असते. २०२० च्या कोरोना साथीत लठ्ठ व मधुमेही रुग्णांचा आजार अधिक गंभीर होत असल्याचे जगभर दिसले.

मग बारीक माणसाचे काय? २००४ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; परंतु शरीरातील मेद डॉ. युडकिन यांचा ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांचा २१.२ टक्के! वजनकाट्याला हा भेद कळत नाही. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांतही हीच ठेवण आढळली आहे : वजन सरासरी २.७ किलो, स्नायू कमी, मेद मात्र त्या मानाने टिकून.

टीएनएफ थोपवणारे औषध देऊन मधुमेह बरा करण्याची आशा मानवात फलद्रूप झाली नाही. याउलट, चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी नियमित चालणे व आहारनियमन पाळल्यास मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, तोही वजन फारसे न उतरता. वजन उतरत नाही म्हणून चालणे सोडणाऱ्या रुग्णांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

आमच्या केसपेपरवर पूर्वी केवळ वजनाचा रकाना असे, ही उणीवच म्हणावयास हवी. आता कमरेचा घेरही नोंदवला जातो. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडल्यावर माप घ्यावे. पोट आत ओढून धरू नये, हे मात्र आमच्या परिचारिकांना रोज सांगावे लागते!