दान, देणं आणि हिशेब : सेवा-संघटनांच्या एकजुटीपासून काय शिकावे

(सभासद शिक्षण : अभ्यासलेख)



गेल्या गळीत हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका शाळेत जाण्याचा आम्हाला योग आला. व्हरांड्यात पाणी थंड करण्याचे यंत्र होते, त्यावर देणाऱ्या मंडळाची संगमरवरी पाटी होती आणि नळ कोरडा होता. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन वर्षं छान चाललं. मग गाळणी बदलायची वेळ आली. पैसे कुणी द्यायचे? देणाऱ्यांचं वर्ष संपलं, अध्यक्ष बदलले." शेजारच्या खोलीत दुसऱ्या एका मंडळाने दिलेले तसेच यंत्र खोक्यातच पडून होते. दोन्ही मंडळे एकाच तालुक्यातली, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

ही गोष्ट आज सांगायचे कारण असे. तालुक्यातल्या सेवा-संघटना आणि आपला कारखाना यांनी मिळून एक निधी उभारावा, त्यासाठी उसाच्या बिलातून टनामागे थोडी कपात व्हावी, असा विचार सभासदांत चालू आहे. कपात म्हटली की आपल्या पोटात गोळा येतो, आणि त्यात गैर काही नाही. पैसा घामाचा आहे. तेव्हा हात वर करण्याआधी हा विषय नीट समजून घेऊ.

या संघटना कोणत्या?

रोटरी क्लबची सुरुवात १९०५ साली अमेरिकेत शिकागो येथे झाली. निरनिराळ्या व्यवसायांतल्या माणसांनी एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना. मुंबईत रोटरी आली १९२९ साली. लायन्सची स्थापना १९१७ ची, आणि भारतातला पहिला लायन्स क्लब १९५६ साली मुंबईतच निघाला. १९७२ साली नाना चुडासमा यांनी मुंबईत जायंट्स ही संघटना काढली. ही आपल्याच मातीतली.

या सगळ्यांचे मूळ आपल्याला परके वाटू नये. आपल्याकडे सावड आहे : आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. इर्जिक आहे : एकाची नांगरट मागे पडली तर गावाच्या बैलजोड्या त्याच्या शेतात उतरतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. सहकारी कारखाना तरी दुसरे काय आहे? फरक एवढाच, की सावडीत आपण ओळखीच्या माणसासाठी राबतो, आणि सेवा-संघटनेने अनोळखी माणसासाठी राबायचे असते. अनोळखी माणूस आला की विश्वास आणि हिशेब दोन्ही जास्त लागतात.

या क्लबांचे दोन नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला : लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा क्लबच्या कारभाराला, जेवणाखाण्याला लावायचा नाही. तो खर्च सभासदांच्या वर्गणीतून करायचा. लायन्समध्ये हा नियम स्पष्ट आहे. दुसरा : रोटरीच्या प्रतिष्ठानकडून मोठे अनुदान हवे असेल तर एकटा क्लब चालत नाही. जिथे काम व्हायचे तिथला एक क्लब आणि दुसऱ्या देशातला एक, अशी जोडी लागते. शिवाय गावाची गरज काय, हे गावाला विचारून आधी लिहून द्यावे लागते. शाळेतले कोरडे यंत्र आठवा म्हणजे या नियमाची किंमत कळेल.

पोलिओचा धडा

एकजुटीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. रोटरीने १९८५ साली पोलिओ हटवण्याचे काम अंगावर घेतले. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि देशोदेशीची सरकारे यांच्यासह जगभरची मोहीम सुरू झाली. त्या वेळी जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले पोलिओने अधू होत होती. भारतात पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ साली.

रविवारी शाळेत केंद्र लागायचे. दोन थेंब तोंडात आणि डाव्या हाताच्या करंगळीला शाईची खूण. रविवारी चुकलेल्या मुलांसाठी मग घरोघर फेरी आणि दारावर खडूची खूण. जी मुले कुठल्याच गावाच्या यादीत नाहीत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी पथके वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि ऊसतोडणीच्या तळांवर गेली. कोपीत झोपलेले पोर मोजले गेले नसते, तर रोग तिथेच दबा धरून बसला असता.

यात कुणाचे काम काय होते ते बघा. लस सरकारची. डॉक्टर, परिचारिका आणि अंगणवाडीच्या ताई सरकारी यंत्रणेच्या. क्लबांनी पैसा उभा केला, माणसे दिली, वाहने दिली, गल्लोगल्ली प्रचार केला. आपलाच वेगळा दवाखाना आणि आपलीच वेगळी लस, असा हट्ट कुणी धरला नाही. जिथे सरकारी हात तोकडा पडतो तिथे आपला हात जोडायचा, एवढीच युक्ती. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

रोटरीने हात घातल्यापासून त्या प्रमाणपत्रापर्यंत एकोणतीस वर्षे गेली. या क्लबांचे वर्ष एक जुलैला सुरू होते आणि दर वर्षी अध्यक्ष बदलतो. एकोणतीस अध्यक्ष बदलले तरी काम बदलले नाही, म्हणून ते तडीस गेले. आपल्या शाळेतले यंत्र पहिल्याच खांदेपालटात बंद पडले.

माहुलचा धडा

आता दुसरी बाजू. आपल्यासारख्या कारखान्यांच्या आसवनीतले इथेनॉल तेल कंपन्या पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी घेतात. त्यांतल्या भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचे मुंबईतले तेलशुद्धीकरण कारखाने आहेत माहुलला, चेंबूरच्या पलीकडे खाडीकाठी. म्हणजे माहुल आपल्याला वाटते तितके दूर नाही.

मूळचे हे कोळ्यांचे गाव. १९५४-५५ च्या सुमारास शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे रसायनांच्या साठवण-टाक्याही आल्या. तिथल्या रहिवाशांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये म्हटले, की इथल्या हवेपासून लोकांच्या आरोग्याला धोका दिसतो आहे. याच माहुलात प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारतींची वसाहत बांधलेली होती. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडल्यावर २०१७ पासून हजारो कुटुंबांना तिथे पाठवण्यात आले. घर पक्के मिळाले, पण खोकला, दमा, त्वचेचे विकार यांच्या तक्रारी सुरू झाल्या. कामधंदा आणि मुलांच्या शाळा लांब राहिल्या त्या वेगळ्याच.

अशा ठिकाणी सेवा-संघटनेने काय करावे? आरोग्य शिबिर घ्यावे, औषधे वाटावीत, वह्या द्याव्यात. यात चूक काहीच नाही. आजारी माणसाला आजच औषध लागते. पण औषधाने हवा बदलत नाही. तिथले लोक तोंडाला बांधायचे फडके मागत नव्हते, श्वास घेता येईल अशा जागी घर मागत होते. ऑक्टोबर २०१८ पासून ते विद्याविहारला रस्त्याच्या कडेला धरणे धरून बसले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की लोकांना माहुलला पाठवू नये. तिथल्यांना दुसरीकडे घर द्यावे, ते जमत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्यावी.

यातून आम्ही घेतलेला धडा असा : दान वेगळे आणि देणं वेगळे. ज्याच्यावर संकट आपणहून कोसळले त्याला करायचे ते दान. ज्याचे नुकसान कुणाच्या तरी कामामुळे झाले, त्याला द्यायचे ते देणं. देणं दानाच्या कागदात गुंडाळून देऊ नये, आणि पाटी तर मुळीच लावू नये. अशा जागी क्लबातल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नीट नोंदी ठेवाव्यात, वकिलांनी अर्ज लिहून द्यावेत, शिक्षकांनी मुलांचे दाखले मिळवून द्यावेत. ही सेवा फोटोत दिसत नाही, पण कोर्टात उपयोगी पडते.

हे घरालाही लागू आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. उद्या आपल्या आसवनीच्या सांडपाण्याने कुणाची विहीर बिघडली, तर त्या वस्तीला पाण्याची टाकी भेट देऊन सत्कार घेणे आपल्याला शोभणार नाही. आधी सांडपाणी थांबवायचे, विहिरीची भरपाई करायची. ती रक्कम या निधीतून जाता कामा नये.

मग आपण काय करावे?

आमचे मत निधीच्या बाजूचे आहे, पण पाच अटींवर.

१. मागणी गावातून यावी. ग्रामसभेत विचारल्याशिवाय कोणतेही काम घेऊ नये.

२. तालुक्यातल्या सर्व संघटनांची वर्षातून दोनदा एकत्र बैठक व्हावी. कोण कुठे काय करणार, याची एकच यादी असावी. दोन यंत्रे एका शाळेला नकोत.

३. प्रत्येक कामाच्या खर्चात पुढच्या पाच वर्षांची देखभाल आधीच धरावी, आणि ती कुणी करायची त्याचे नाव कागदावर असावे.

४. निधीचे खाते वेगळे ठेवावे. सत्कार, हार, भोजन यांवर त्यातला एक पैसाही जाऊ नये. पै-पैचा हिशेब याच पत्रिकेत छापून यावा.

५. पहिले काम ऊसतोडणी कामगारांच्या तळावर व्हावे : पिण्याचे पाणी, संडास, मुलांची लस आणि शाळा. मात्र यातल्या ज्या सोयी करणे कारखान्याचे कर्तव्यच आहे, त्या कारखान्याने आपल्या खर्चाने कराव्यात. निधी त्यापुढचे बघेल.

पाचव्या अटीवर काही सभासदांची नाराजी होईल, हे आम्ही जाणतो. "आमच्या कपातीतून बाहेरच्यांची सोय का?" असे विचारले जाईल. त्याला उत्तर एकच. आपला ऊस ज्या हातांनी तुटतो ते हात बाहेरचे कसे?

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत देणगीतून आलेल्या वस्तूंपैकी आज किती चालू आहेत? यादी करा.

२. आपल्या गावात 'दान' म्हणून मिळालेले असे काही आहे का, जे खरे म्हणजे 'देणं' होते?

३. टनामागे किती कपात आपल्याला झेपेल? आणि निधीचा हिशेब कुणी तपासावा?

गटप्रमुखांनी चर्चेचा सारांश सभेपूर्वी शेतकी कार्यालयाकडे लेखी पाठवावा. विरोधी मतही अवश्य लिहावे, पुढील अंकात आम्ही ते छापू.