लोखंडावरील रंग का सुटतो?

पालघर, बोईसर व तारापूर हा मुलूख समुद्रालगतचा. खारा वारा आणि पावसाळ्याची ओल यांमुळे येथे लोखंड लवकर गंजते. तारापूरच्या कारखान्यांतील टाक्या असोत, की आपल्या वाडीतील पंपाची बैठक. रंग हेच त्यांचे चिलखत होय. त्याचे पोपडे निघाले म्हणजे आपण दुकानदारास दोष देतो. परंतु दोष बहुधा डब्यात नसून रंगाखाली असतो.

हद्दीच्या तंट्यात जसा जागेवर पंचनामा करितात, तसाच येथेही करावा. सुटलेला पोपडा चाकूने उचलून त्याची मागील बाजू पाहावी. तेथे गंज वा काळी खपली चिकटलेली असल्यास लोखंड नीट न घासता रंग दिला असे समजावे. खाली जुना रंग शाबूत असल्यास दोन हातांमध्ये धूळ, तेल किंवा मीठ राहिले. जस्ती पत्रा उघडा पडला असल्यास त्यावर तेलरंग थेट लावला गेला. जस्ताशी संयोग होऊन साबणासारखा थर बनतो व रंग सुटतो. पाणी धरलेले फोड आले असल्यास रंगाखालील मिठाने ओल ओढून घेतली. केवळ कडा व बोल्ट गंजले असल्यास तेथे थर पातळ राहिला, कारण ओला रंग धारेवरून मागे सरतो.

उपाय असा. प्रथम गोड्या पाण्याने मीठ धुवावे. वाळल्यावर तारेच्या ब्रशाने व काचकागदाने गंज काढावा. त्याच दिवशी अस्तराचा हात द्यावा, कारण उघडे लोखंड रातोरात पुन्हा गंजते. कडांस एक हात आधी व निराळा द्यावा. जस्ती पत्र्याकरिता त्याचेच अस्तर मागून घ्यावे. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. काम दिवाळीनंतर, दव पूर्ण उडाल्यावर करावे. लोखंड दवबिंदूहून निदान ३ अंश सेल्सिअस उष्ण असावे, असा कारखान्यांतील नियम आहे.

दोन इशारे. पूर्वी अस्तरास शेंदूर वापरीत. त्यात शिसे असून ते विषारी आहे. असा जुना रंग कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा व मुलांस दूर ठेवावे. तसेच मोरचुदाचे पाणी लोखंडी भांड्यात कालवू नये. जेथे रंग फुटला असेल तेथे ते लोखंड खाते.

पंप ऐन उन्हाळ्यात बंद पडल्यास वाडीचे जे नुकसान होते, त्यापुढे एका दिवसाची ही मेहनत काहीच नव्हे.